न थांबणारा फ्रीज

आमच्या घरात फ्रीज आला तो टेम्पोत उभा बांधून, आणि त्याच्या दारावर कुणाच्या तरी लेकरानं चिकटवलेली फुलपाखरं तशीच होती. शेवंताआत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, लोणावळ्यात मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला सांभाळायची. त्या लोकांनी नवा, मोठा फ्रीज आणला आणि जुना आत्याला देऊन टाकला. आत्याच्या खोलीत तो मावेना. नेमकं त्याच सुमारास डॉक्टरांनी अण्णांना साखरेसाठी इन्सुलिनची सुई सुरू केली होती आणि बाटली थंडाव्यात ठेवायला सांगितली होती. आत्यानं कुणाला काही विचारलं नाही. टेम्पो ठरवला आणि फ्रीज आमच्या गावी, कुरवंड्याला धाडून दिला. सोबत निरोप होता, "औषध बर्फाच्या बरोबर खालच्या ट्रेमध्ये ठेवा, तितं सगळ्यात गार राहतंय." आमच्या आळीत तेव्हा दुसरा फ्रीज नव्हता. आईनं त्याला हळदकुंकू लावलं, वर क्रोशाचं कापड अंथरलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्या शेजारणींना बर्फ वाटला.

स्वयंपाकघरात चुलीचा धूर, म्हणून फ्रीज ठेवला मधल्या खोलीत. त्याच खोलीत आम्ही जेवायचो, झोपायचो आणि मी बारावीचा अभ्यास करायचे. सुरू झाल्यावर तो आधी अंग झटकल्यासारखा थरथरला आणि मग एका सुरात घुमायला लागला. ते घुमणं पुढं कितीतरी महिने आमच्या घरात होतं. पावसाच्या आवाजाखाली ते दबायचं, पाऊस उघडला की पुन्हा वर यायचं. आई त्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलायला लागली आणि मग आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायला लागलो. अण्णा मात्र कमी बोलायला लागले. कधीकधी मला वाटायचं की तो आवाज भिंतीतून येतोय, कधी वाटायचं माझ्याच कानात आहे. पुस्तकाची एक ओळ मी चारचारदा वाचायचे. फ्रीज मधूनमधून थांबतो, थांबायलाच हवा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. विहिरीवरची मोटर चालू असली की चालू असते, तसंच हे असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि गार तर तो असा करायचा! दुधाच्या पातेल्यावर बर्फाची पापडी धरायची, ती आई झाऱ्यानं फोडायची. कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडून लोळागोळा व्हायची. टोमॅटो दगडासारखे होऊन सालीला चिरा जायच्या. रात्रीचं उरलेलं वालाचं बिरडं सकाळी डब्यातून निघायचंच नाही, डबाच तव्यावर ठेवायला लागायचा. एकदा मामानं खाचरातले खेकडे आणून दिले, त्याचा रस्सा आईनं सांडशीनं ठोकून सोडवला. पण याची तक्रार कोण करणार? गार करायलाच तर फ्रीज असतो. "आमचा लय कडक हाय," आई कौतुकानं सांगायची. आतलं गोल बटण फिरवलं तरी काही फरक पडायचा नाही, तेव्हा आम्ही तो नादही सोडून दिला.

अण्णा लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात कढईवर होते. माझ्या जन्माच्या आधीपासून. गुळाचा पाक कधी उतरवायचा, हे ते थेंब पाण्यात टाकून आणि तो बोटानं मोडून सांगायचे. थेंब मोडताना बारीक कडकन आवाज आला की पाक झाला. जीभ ते कधी लावायचेच नाहीत. पाक किती भाजलाय ते जिभेला कळत नाही, असं म्हणायचे. त्यांच्या दोन्ही हातांवर पाकाच्या शिंतोड्यांचे पांढरे डाग होते आणि त्यांच्या शर्टाला धुतल्यावरसुद्धा गुळाचा वास यायचा. लहानपणी मी त्या वासावर झोपायचे. साखरेचं दुखणं निघाल्यावर तोच वास त्यांच्यावर उलटला.

कारण इन्सुलिन सुरू होऊनही अण्णांची साखर उतरेना. सुई मीच द्यायचे, कारण आईचा हात कापायचा. आई पहाटे चूल पेटवायला उठली की औषधाचं खोकं फ्रीजमधून काढून चुलीजवळच्या फळीवर ठेवायची. गार औषध टोचलं की झोंबतं, असं कंपाउंडरनं सांगितलं होतं. मी उठून, अंघोळ करून येईपर्यंत बाटली खोलीतल्या हवेसारखी झालेली असायची. ती तळहातांत घोळवायची, सुईत औषध ओढायचं आणि अण्णांच्या पोटाची चिमूट धरून टोचायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. बाटलीच्या काचेला आत पांढऱ्या कण्या चिकटलेल्या दिसायच्या. मी कंपाउंडरला विचारलं तर तो म्हणाला, "गढूळच असतं ते. नीट घोळवायचं." मग मी जास्त वेळ घोळवायचे.

अण्णा वाळत चालले. लेंग्याची नाडी आवळून आवळून पुढं चुण्या पडायला लागल्या. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचे, रात्री सारखे उठायचे. त्यांच्या उठण्यानं आई उठायची, आईच्या पुटपुटण्यानं मी, आणि आम्ही तिघं अंधारात त्या घुमणाऱ्या आवाजासमोर जागे पडून राहायचो. डॉक्टर दर फेरीला औषधाची मात्रा वाढवायचे. एका फेरीला त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि आईकडं बघून म्हणाले, "घरी पथ्य आहे ना? मग बाहेर काहीतरी खात असणार. कामाला कुठं आहेत हे?"

"चिक्कीच्या कारखान्यात," आई म्हणाली.

डॉक्टर नुसते हसले. त्या हसण्यानं आमच्या घराचं काय झालं, ते त्यांना कधी कळलं नसेल.

घरी आल्यावर आईनं साखरेचा डबा आणि गुळाची ढेप उचलली आणि शेजारी हौसाकाकीकडं नेऊन ठेवली. चहा बिनसाखरेचा झाला, माझाही. अण्णा कामावरून आले की आई त्यांचे खिसे चाचपायची. आधी धुवायच्या निमित्तानं, मग निमित्त न शोधता. अण्णा म्हणायचे, "म्या खाल्लं न्हाई." आई म्हणायची, "मग ही साखर काय वाऱ्यानं चढती?" अण्णा उठून ओसरीवर जाऊन बसायचे. मी अण्णांच्या बाजूनं होते का? खरं सांगायचं तर मला काहीच कळत नव्हतं. आई खोटी वाटत नव्हती आणि अण्णा तर मुळीच नाही. दोघं खरी असून घर असं कसं झालं, हे कोडं डोक्यात घेऊन मी कॉलेजला जायचे आणि तसंच घेऊन परत यायचे.

मग एके दिवशी आई थेट कारखान्यात गेली. मी बरोबर होते. सीझन होता, दुकानात पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं दाटलेली. मागं भट्टीजवळ अण्णा आणि आणखी चारपाच माणसं. आईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि शेठला सगळ्यांदेखत म्हणाली, "शेठ, ह्यास्नी कढईवर ठेवू नका. डागदर म्हणत्यात, चोरून खात्यात. मरतील अशानं."

भट्टीवरचा माणूस ढवळायचा थांबला. शेठ भला माणूस, पण तो गिऱ्हाइकांकडं बघून ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून अण्णांना पुढं खोकी बांधायला बसवलं. चिकटपट्टी आणि कात्री. जाणारा येणारा प्रत्येक जण गमतीनं विचारायचा, "काय अण्णा, आतलं मोजून भरताय न्हवं?" अण्णा घरी येऊन हे सांगायचे नाहीत. मला ते कारखान्यातल्या एका मुलीनं सांगितलं.

आज मी वयाच्या अशा टप्प्यावर आहे की आईचं तेव्हाचं वय माझ्या मुलीचं आहे. आता मला दिसतं ते आईचं घाबरणं. तिच्या वडिलांचा पाय याच दुखण्यात कापला होता. माणूस डोळ्यांदेखत वाळतोय आणि औषध रोज चाललंय, तेव्हा दोष धरायला तिला काहीतरी हवं होतं. पण तेव्हा मला फक्त तिचा मोठा झालेला आवाज ऐकू यायचा.

आषाढात दोन दिवस सलग वारं सुटलं. नागफणीच्या कड्याच्या बाजूला खांब पडले आणि गावातली लाइट गेली. फ्रीज गप्प झाला. त्या शांततेचं पहिल्यांदा मला भय वाटलं, मग कान सैल सुटल्यासारखे झाले. फ्रीजच्या दाराखालून पाणी झिरपायला लागलं, आई पोतेरं घेऊन पुसत बसली. अण्णांची बाटली संपत आली होती, म्हणून मी कॉलेजवरून येताना लोणावळ्यातून नवी आणली आणि सवयीनं त्या बंद फ्रीजमध्ये, त्याच ट्रेमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोडली. डॉक्टरांनी नुकतीच आणखी वाढवलेली मात्रा, सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट. ती मी अण्णांना दिली. काच अगदी स्वच्छ होती, एक कणी नाही. तेवढं मनात नोंदलं गेलं आणि विसरलं.

भाताची आवणी चालू होती. अण्णांनी त्यासाठी सुटी काढली होती. नाचणीची अर्धी भाकरी खाऊन ते खाचरात उतरले. आई आणि मी रोपांच्या जुड्या घेऊन मागून गेलो. तासाभरानं बघते तर अण्णा बांधावर उभे राहून हातातली जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते, पुन्हा पुन्हा, लहान मुलासारखी. आईनं हाक मारली तर त्यांनी तिच्याकडं ओळख नसल्यासारखं बघितलं आणि काहीतरी बरळले. मग पाय दुमडून चिखलात बसले. इरल्याखालचा शर्ट घामानं भिजला होता आणि अंग गार.

"प्यायलाय का काय ह्यो मानूस?" आई ओरडली.

मी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. काही नव्हतं. हात थरथरत होते, ओठ पांढरे. आणि तेव्हा मला डॉक्टरांचं अगदी पहिल्या दिवशीचं सांगणं आठवलं. घाम फुटला, थरथरायला लागले, बरळायला लागले तर साखर खाली गेली समजा, लगेच साखर द्या. आजवर तशी वेळच आली नव्हती.

"आई, साखर पायजे. साखर!"

"येडी झालीस? साखरेनंच तर ह्यो हाल केलाय!" तिनं अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती मला जाऊ देईना. माझ्या ओढणीचं टोक तिनं मुठीत धरलं. मी ओढणी तिथंच सोडली आणि पळाले. बांधावरून, चिखलातून, एकदा गुडघ्यावर पडून. आमच्या घरात साखर नव्हती. हौसाकाकीच्या दारातून मी ओरडतच शिरले, आमचाच डबा तिच्या फडताळातून काढला, पाण्याचा गडू उचलला आणि तशीच माघारी. साखर पाण्यात कालवून मी अण्णांच्या गालात थोडी थोडी सोडत राहिले. ते गिळत होते, हे बघून माझ्या जिवात जीव आला. आई माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी त्यांना विष घालतेय.

हळूहळू त्यांचे डोळे जागेवर आले. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, चव ओळखली, गडूकडं बघितलं, मग आईकडं. आणि म्हणाले, "शेवटी तुमीच चारली मला."

जीपनं आम्ही त्यांना लोणावळ्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. एवढी साखर पोटात जाऊनही आकडा कमीच होता. ते बुचकळ्यात पडले. "आजवर इन्सुलिन लागू पडत नव्हतं म्हणून मी वाढवत गेलो. आज एकदम एवढं लागू पडलं? काय वेगळं केलंत?"

"काय बी न्हाई," आई म्हणाली. "जेवन तेच. सुई तीच."

"बाटली नवी," मी म्हटलं. "पण तशी तर दर वेळी नवी आणतोच."

"ठेवता कुठं?"

"फ्रीजमध्ये. पण दोन दिवस लाइट नाही, फ्रीज बंदच आहे." आणि हे बोलताबोलताच मला एकेक आठवायला लागलं. दुधावरची पापडी, दगड झालेले टोमॅटो, काचेला चिकटलेल्या कण्या. "डॉक्टर, आमच्या फ्रीजमध्ये दूध गोठतं. बाटली त्याच्याही वर असते, बर्फाला लागून. ती गोठली तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गोठून पुन्हा वितळलं की ते औषध राहत नाही. पाणी टोचल्यासारखं आहे." मग म्हणाले, "हे मी आधी विचारायला हवं होतं."

आई स्टुलावर बसली होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. अण्णा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. परत येताना ते जीपमध्ये पुढं, ड्रायव्हरशेजारी बसले. घाटमाथ्यावरचं धुकं काचेला थापत होतं.

वाटलं होतं, आता सगळं मिटलं. पण मिटलं नाही. शेवंताआत्या बातमी ऐकून तरातरा आली आणि दारातूनच म्हणाली, "माजा फ्रीज वाईट झाला व्हय? बंगल्यात दहा वर्सं चालला!" हौसाकाकी म्हणाली, गार करणाऱ्यानं औषध बिघडतं, असं कधी ऐकलं नाही बाई. कारखान्यात तर हसू झालं. स्वतःची जीभ आवरत नाही आणि बिचाऱ्या फ्रीजवर ढकलतोय. अण्णा म्हणाले, "लाइट आली की त्यो दरीत नेऊन टाकतो." आई पटल्याचंही म्हणत नव्हती आणि न पटल्याचंही. नवी बाटली मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत होते. घरात तिघं तीन कोपऱ्यांत वावरत होतो.

लाइट आली. फ्रीज थरथरला आणि घुमायला लागला. आईनं उठून फुलपात्रात पाणी घेतलं आणि औषधाच्या जागेवर, त्या ट्रेमध्ये ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. मी पाहिलं तेवढंच. पहाटे ती उठल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, पण चूल पेटल्याचा येईना. मी उठून बघितलं. आई फ्रीजच्या उजेडात फुलपात्र उपडं धरून उभी होती. आतून थेंबही पडत नव्हता. तिनं ते सरळ केलं, बर्फावरून बोट फिरवलं, पुन्हा उपडं केलं. किती दिवस ती हातानं ते औषधाचं खोकं काढत होती, अंधारात, न बघता.

"दुरुस्त कर ह्याला," ती मला म्हणाली. "टाकायचा न्हाई. काय मोडलंय ते मला बघायचंय."

लोणावळ्यात स्टेशनच्या बाजूला रफिकचाचांचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं. पावसाळी सीझन, सगळी हॉटेलं भरलेली, त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. माझं ऐकताना त्यांचे हात दुसऱ्याच यंत्रात होते. "थांबतच नाही म्हणतेस? मग थर्मोस्टॅट बघायला लागेल. बटणाच्या मागं असतो. गारवा पुरे झाला की तो मशीन बंद करतो. पण मला कुरवंड्याला यायला जमणार नाही, बेटा. आठवडाभर तरी नाही." आठवडाभर त्या आवाजात राहायचं, ह्या कल्पनेनंच मला कसंतरी झालं. मी म्हटलं, "मी काढून आणते." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. मग दुकानातल्या एका फ्रीजवर दाखवलं. आधी प्लग काढायचा, बर्फ पूर्ण वितळू द्यायचा, चाकू-बिकू घालायचा नाही, दोन स्क्रू, दोन वायरी, कोणती कुठं ते बघून ठेवायचं, आणि बारीक तांब्याची नळी असते ती दुमडायची नाही.

आई आणि मी कामाला लागलो. प्लग काढला. वरच्या कप्प्यात बर्फ इतका साठला होता की त्याचं झाकण मिटत नव्हतं. गरम पाण्याची पातेली आत ठेवली, दार उघडं टाकलं. बर्फाचे कडे कडकड आवाज करत सुटायचे आणि आई ते घमेल्यात गोळा करून अंगणात ओतायची. मला धीर धरवेना, बोटांनी ओढायला जायचे. आई हात धरायची, "त्यानं सांगितलंय न्हवं, दम खा." अण्णा ओसरीवर बसून होते. मधूनच आत डोकावायचे आणि परत जायचे. बर्फ उतरल्यावर मी बटण खेचून काढलं, स्क्रू सोडवले. लाल वायरीला आईनं दोरा बांधून खूण केली. थर्मोस्टॅट हातात आला, काड्यापेटीएवढा, आणि त्याच्यामागून ती बारीक नळी साप निघावा तशी सुळकन निघून आली. ती कुठंच अडकलेली नव्हती. तसंच असेल, असं मला वाटलं.

रफिकचाचांनी तो तारांना जोडला, नळीचं टोक बर्फाच्या ग्लासात बुडवलं आणि कान लावला. थोड्या वेळानं आतून टक् असं वाजलं. टोक बाहेर काढून मुठीत धरलं, पुन्हा टक्.

"हा तर ठणठणीत आहे," ते म्हणाले.

मग एवढं सगळं कशासाठी? घरी जाऊन काय सांगू? पण त्यांनी विचारलं, "हे टोक आत कशाला धरून होतं?"

"कशालाच नाही. तसंच निघालं."

"मग तेच," ते म्हणाले. "हे टोक वरच्या गार पत्र्याला घट्ट चिकटून पाहिजे. तिथं एक पट्टी असते, ती टेम्पोत हादरून तुटली असेल. पत्र्याला बर्फ चढतोय आणि ह्याला गारवा लागतच नाही. मग हा मशीन कसं थांबवणार?" त्यांनी डब्यातून एक छोटी पट्टी आणि स्क्रू काढून दिला.

घरी येऊन मी ते टोक पत्र्यावर बसवलं. आईनं बॅटरी धरली. पट्टीच्या जुन्या भोकात स्क्रू धरेना, हात ओले, तो दोनदा खाली पडला आणि फ्रीजखाली गेला. दुसऱ्यांदा तो काढायला अण्णा आत आले. पालथे झोपून त्यांनी काठीनं तो बाहेर ओढला, माझ्या हातात दिला आणि गेले नाहीत. तिथंच भिंतीला टेकून बसले. स्क्रू बसला. नळी हलवून बघितली, हलेना. बटण मधल्या आकड्यावर ठेवलं, प्लग लावला. फ्रीज घुमायला लागला, तसाच, त्याच सुरात.

आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो. आईनं तांदूळ निवडायला घेतले. मी उठून दार उघडून बघायचे, अण्णा म्हणायचे, "उघडू नकोस सारखं." वेळ जाता जाईना. मला खात्री झाली होती की चुकलंच आहे. पाऊस येऊन गेला, गुरं परत आली, आईचं सूप संपून तिनं दुसरं घेतलं. आणि मग आतून टक् असं वाजलं, फ्रीजनं एकदा अंग झटकलं आणि खोलीत काही म्हणता काही आवाज राहिला नाही.

"पुन्यांदा लाइट गेली?" आई दचकून म्हणाली.

अण्णांनी वर बघितलं. दिवा चालू होता. "थांबला," ते म्हणाले.

पुढं मी नर्स झाले आणि मावळातल्या आरोग्य केंद्रांमध्ये माझं आयुष्य गेलं. लसींच्या फ्रीजचा आकडा बघणं हे तिथलं रोजचं काम. नव्या मुली विचारायच्या, मॅडम, जास्त गार असलं तर काय बिघडतं? मी त्यांना कारण समजावून सांगायचे. आमच्या घराचं मात्र नाही सांगितलं कधी.

फ्रीज थांबला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आईनं रात्री पुन्हा ट्रेमध्ये ठेवलेल्या फुलपात्रातलं पाणी गार होतं, पण पाणीच होतं. आईनं ते बघितलं, मोरीत ओतलं, ठेवणीतलं लुगडं काढलं आणि अण्णांना म्हणाली, "मी पण येते." कारखान्यात नेहमीसारखी गर्दी होती. अण्णा आपल्या खोक्यांच्या जागेकडं वळले, तर आईनं त्यांच्या बाहीला धरून थांबवलं. मी एवढ्या वर्षांत तिला चारचौघांत त्यांना हात लावताना बघितलं नव्हतं.

"शेठ," ती म्हणाली, आणि फ्रीजच्या वरचढ बोलायची सवय लागलेल्या त्या आवाजात म्हणाली, त्यामुळं रस्त्यावरची माणसंसुद्धा वळली. "म्या हितं येऊन सांगितलं व्हतं, ह्ये चोरून खात्यात म्हून. ह्येंनी खाल्लं न्हाई. एक तुकडा न्हाई. औषध फ्रीजात गोठून मेलं व्हतं. डागदरला विचारा, न्हाईतर ह्या पोरीला विचारा. ज्यानं ज्यानं ह्यास्नी हसलंय, त्यानं ध्यानात ठेवावं."

कात्रीचा आवाज थांबला. मागं कढईवर आता एक तरणा गडी होता, त्यानं मान खाली घातली. शेठ म्हणाला, "बरं बरं, मावशी, बसा, चहा घ्या." कढईची जागा मात्र त्यानं परत दिली नाही. देता आली नसती, तो गडी शिकून तयार झाला होता. अण्णांनी पुढची सगळी वर्षं खोकीच बांधली. साखर उतरली, अंगावर मांस आलं, पण पाक मोडून बघायला ते पुन्हा भट्टीजवळ गेले नाहीत.

त्या दिवशी चहा नको म्हणून आम्ही दोघी निघालो, तर अण्णा आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आले. बारीक पाऊस होता. ते जीपची वाट बघत उभे राहिले आणि आईकडं न बघता म्हणाले, "येवढ्या मोठ्यानं बोलायची काय गरज व्हती? सगळा बाजार बघत व्हता."

"बघू दे की," आई म्हणाली. "त्यासाठीच आलते."